जास्त फीचर्स की सोपा वापर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन स्मार्टवॉचमध्ये अडकलोय. एकात झोप, ताण, शंभरेक व्यायामप्रकार, कॉलिंग सगळं आहे. दुसऱ्यात जेमतेम पाच-सहा गोष्टी. किंमत जवळपास सारखीच. मग जास्तवालं का घेऊ नये?

किंमत सारखी असली की हात आपसूक जास्तवाल्याकडेच जातो. डेबोरा थॉम्पसन, रेबेका हॅमिल्टन आणि रोलंड रस्ट यांनी २००५ मध्ये यावरच संशोधन प्रसिद्ध केलं. वापरण्याआधी लोकांची पसंती भरगच्च मॉडेलला होती. वापरून झाल्यावर मात्र सोप्या मॉडेलचं पारडं जड झालं. दुकानात आपण यादी वाचतो, घरी मेनूत शोधाशोध करतो.

म्हणून दोन्ही घड्याळं हातात घ्या आणि विक्रेत्याची मदत न घेता तीन कामं करून पाहा : अलार्म लावणं, एखाद्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद करणं, चालण्याची नोंद सुरू करणं. ज्यावर चाचपडावं लागलं नाही, ते घ्या. ताण सतत मोजत राहणारा सेन्सर बॅटरीही खातो, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कुणी लिहीत नाही.

प्रश्न : सासऱ्यांना (वय ७४) नवा स्मार्टफोन दिला. रोज स्क्रीनवरून काहीतरी 'गायब' होतं. परत साधा बटणांचा फोन द्यावा का?

एवढ्यात नको. बहुतेक वेळा गायब होण्याचं कारण असतं रेंगाळलेलं बोट. आयकॉनवर बोट थोडा वेळ टेकून राहिलं की फोनला वाटतं, यांना तो हलवायचा किंवा काढायचा आहे. सॅमसंगच्या 'ईझी मोड'मध्ये आयकॉन मोठे होतात आणि बोट किती वेळ टेकल्यावर फोनने ते मनावर घ्यायचं, तो अवधीही वाढतो. होम स्क्रीनची मांडणी लॉकही करता येते. आयफोन असेल तर २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर आलेला 'असिस्टिव्ह ॲक्सेस' पाहा. त्यात निवडक ॲप्स मोठ्या चौकोनांत दिसतात.

आणि एकदा मांडणी लावली की तिला हात लावू नका. 'आजोबा, मी नीट करून देतो' म्हणणारी नातवंडं सगळ्यात जास्त घोळ घालतात!

प्रश्न : साधेपणाच्या नावाखाली कंपन्या बटणंच काढून टाकतात. ही आपली फसवणूक नाही का?

पुष्कळदा आहे. लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञाचं म्हणणं असं, की गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे नाहीशी करता येत नाही. ती कुणाच्या गळ्यात पडणार एवढंच ठरवता येतं. कंपनीने नाही सोसली तर तुम्ही सोसता. ॲपलने २००९ च्या आयपॉड शफलवरून गाणी बदलायची बटणं काढून ती इयरफोनच्या वायरीवर नेली. दिसायला देखणं, पण दुसरे कुठलेही साधे इयरफोन लावले की गाणं बदलायची सोयच नाही. पुढच्याच वर्षी बटणं परत आली.

हा तर गाण्यांचा मामला. अमेरिकी नौदलाच्या 'जॉन एस. मकेन' युद्धनौकेची २०१७ मध्ये टँकरशी टक्कर होऊन १० नौसैनिक मेले. तपासात नौकेच्या टचस्क्रीन नियंत्रणांच्या रचनेवरही ठपका आला आणि इंजिनाचा वेग सांभाळायला हाताने ढकलायच्या दांड्या परत बसवायचं नौदलाने ठरवलं. नजर समोर हवी असताना बोटांना चाचपून सापडेल असं काहीतरी लागतंच. गाडी घेताना वायपर आणि हॅझार्ड लाइट न बघता लावता येतात का, हे मी आधी तपासेन. पडदा किती इंची आहे ते नंतर.

प्रश्न : मला सगळ्या सेटिंग्जशी खेळायला आवडतं. मी चुकतोय का?

अजिबात नाही. फक्त घरातल्या इतरांसाठी खरेदी करताना स्वतःची आवड बाजूला ठेवा.

प्रश्न : मी ॲप बनवतो. ८० टक्के लोक २० टक्केच फीचर्स वापरतात म्हणे. उरलेली काढून टाकू?

गोम अशी, की प्रत्येकाचे २० टक्के वेगळे असतात. काढण्यापेक्षा नेहमीची कामं पुढे आणा, बाकीची एक पायरी मागे ठेवा आणि सुरुवातीची सेटिंग्ज विचार करून निवडा, कारण बहुतेक लोक ती कधीच बदलत नाहीत. नुसत्या वापराच्या आकड्यांवरूनही कात्री चालवू नका. बॅकअप परत आणायचं बटण रोज कोण दाबतं?