"काळ्यांच्या एरियात घर घेऊ नका" म्हणतात त्याबद्दल

ताई, तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये इंग्लंडला, ब्रिस्टलला येतोय, मुलगी सात वर्षांची आहे, सावळी आहे, आणि ऑफिसमधले आपलेच लोक सांगतायत की ईस्टन, सेंट पॉल्सकडे घर बघू नका, तिथे काळे लोक जास्त, तर तिथे खरंच भीती आहे का. व्हिसाचं वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, ते लिहीत नाही. पण हाच प्रश्न मी 2013 ला विचारला होता, मिळालेलं उत्तर मुकाट्याने ऐकलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक गोष्ट सांगते. 1963 पर्यंत इथल्या बस कंपनीत ब्लॅक किंवा आशियाई माणसाला ड्रायव्हर, कंडक्टर म्हणून घेतच नव्हते, वर्कशॉपमध्ये चालायचं पण बसवर नाही. (इथे ते स्वतःला अभिमानाने ब्लॅक म्हणवतात म्हणून मीही तेच लिहिते.) पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट या इथल्या ब्लॅक कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार घातला, चार महिने लढले, आणि 28 ऑगस्टला कंपनीने माघार घेतली. मग पहिला कंडक्टर कोण झाला माहितीये? रघबीर सिंग, एक शीख. दार त्यांनी उघडलं आणि पहिला आत गेला आपला माणूस. पुढे 1965 आणि 1968 ला वंशभेदाविरुद्ध कायदे झाले, नोकरीत आणि भाड्याच्या घरात रंगावरून नाही म्हणणं तेव्हा कुठे बेकायदेशीर ठरलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तरी मी तेव्हा ऐकलं असतं का माहीत नाही.

आम्ही लांब, गोऱ्या वस्तीत घर घेतलं. तेही मिळता मिळेना, बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, एजंट म्हणतो बँक स्टेटमेंट आणा, शाळा म्हणते काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं बिल आणा, दीड महिना नुसते हिंडत होतो, मुलगी घरात बसून. शाळेत गेली तर तिला वाचनाच्या सगळ्यात खालच्या गटात टाकलं, घरी इंग्लिश बोलत नाहीत म्हणे, आणि पोरगी पुण्यात असल्यापासून इंग्लिश पुस्तकं वाचत होती. पुढच्या वर्गात तेच, त्याच्या पुढच्या वर्गात पण तेच. अख्ख्या शाळेत एकही शिक्षक गोरा सोडून दुसरा नव्हता. मी रडले आणि गप्प बसले. वर्गातल्या एका मुलाची आई, तिचे आईवडील जमैकाचे, ती स्वतःहून म्हणाली मी येते तुझ्याबरोबर. मीटिंगला माझ्या शेजारी बसली आणि शांतपणे विचारलं, हिचं वाचन शेवटचं कधी तपासलंत? दोन आठवड्यांत गट बदलला.

आणि मग महिन्याभरात तिच्याच मुलाला वर्गाबाहेर बसवलं, डोक्यावर घट्ट बारीक वेण्या घातल्या होत्या म्हणून, युनिफॉर्मच्या नियमात बसत नाही म्हणे. तिने पालकांच्या सह्यांसाठी पत्र केलं. गेटपाशी पाऊस होता, कागद भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेला, तिने पेन पुढे केलं आणि मी म्हटलं, घरी विचारून सांगते. ह्यांचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता, मला वाटलं आपलं नाव कुठे यायला नको. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. आई फोनवर म्हणायची त्यांच्यात फार मिसळू नका, आणि मला ते पटायचं. शाळेत असताना मी फुल्यांवर भाषणं करून बक्षिसं घेतलेली, 1873 मध्ये त्यांनी अमेरिकेतली गुलामगिरी संपवायला झटणाऱ्या लोकांना आपलं पुस्तक अर्पण केलं हे मला तोंडपाठ, आणि सही करायच्या वेळी हात पुढे झाला नाही. तिने परत विचारलं नाही. तरी पुढच्या शनिवारी मुलाच्या वाढदिवसाला माझ्या मुलीला बोलावलं.

2022 मध्ये इथल्या समानता आयोगाने शाळांना स्पष्ट सांगितलं की अशा केसांवर बंदी घालणं हा वंशभेद ठरू शकतो. तेव्हा मला तो फोल्डर आठवला.

माझ्या मुलीला स्वतःच्या रंगाचा अभिमान मी नाही शिकवला, तो तिला तिच्या ब्लॅक मैत्रिणींनी दिला. आजी भारतातून गोरं व्हायची क्रीम पाठवायची, ती तिने एक दिवस स्वतः टाकून दिली. 7 जून 2020 ला इथे गुलामांच्या व्यापारातल्या कोल्स्टनचा पुतळा लोकांनी पाडून बंदरात टाकला, तेव्हा ती बारा वर्षांची होती, आता तो म्युझियममध्ये आडवा ठेवलाय, अंगावर रंग तसाच. तिथे उभं राहून तिने मला विचारलं, आई तू कधी कशाच्या विरोधात उभी राहिलीस का गं. मी काही बोलले नाही.

एकटेपणाचं पण विचारलंय तुम्ही. पहिला हिवाळा जड जातो, नंतर जमतं.

घर ईस्टनमध्ये बघा. स्टेपलटन रोडला जमैकन, सोमाली, पाकिस्तानी दुकानं आहेत, मसाला, भेंडी, आंबे सगळं मिळतं, आणि वर्गात तुमची मुलगी एकटी पडणार नाही. मी तिकडेच बाजाराला जाते. ती बाई कधीकधी दिसते, हाय म्हणते, मुलगा कॉलेजला गेलाय म्हणाली. त्या पत्राचं मी अजून बोललेली नाहीये. मार्चमध्ये आलात की कळवा, घर बघायला मी येते बरोबर.