शेजाऱ्याच्या कुत्र्याने आमच्या कुत्र्याला फाडलं, खर्च कोणाचा?

प्रश्न : आम्ही ठाण्यात सोसायटीत राहतो. लिफ्टमधून बाहेर पडताच शेजाऱ्यांचा मोकळा सोडलेला रॉटवायलर आमच्या पट्ट्याने धरलेल्या पामेरियनवर तुटून पडला. सोडवताना माझ्या मनगटालाही दात लागले. ऑपरेशन, औषधं धरून ३८,००० रुपये गेले. शेजारी म्हणतात, ‘कुत्री आहेत, भांडणारच.’ गेल्या वर्षी हाच कुत्रा दूधवाल्याला चावला होता. पोलीसही तक्रार घेईनात.

उत्तर : आधी मनगटाचं बघा. रेबीजची लस सुरू केली नसेल तर पुढचं नंतर वाचा, दवाखाना गाठा. केसपेपर जपून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पोलिसांचा नकार निम्माच बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाळीव जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला शिक्षा देतं (सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही), पण माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल तेव्हाच. कलम ३२५ जनावर मारण्या-जायबंदी करण्याबद्दल आहे खरं, पण तिथे हेतू किंवा जाणीव लागते; शेजाऱ्यांनी कुत्रा मुद्दाम अंगावर घातला असं तुम्हीही म्हणत नाही. म्हणून तक्रारीत पामेरियनच्या आधी स्वतःचं मनगट आणि दूधवाला लिहा. तुम्ही हे जाता जाता लिहिलंत, पण सगळी तक्रार त्यावरच उभी आहे.

पैशांसाठी मात्र दिवाणी दावा. कायद्याच्या लेखी तुमचा कुत्रा जंगम मालमत्ता आहे. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटतं. त्यामुळे उपचारखर्चाची बिलं दाखवून मागता येतात. मनस्तापापोटी फार काही हाती लागेल अशी आशा धरू नका. कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होतं का, हा इथला कळीचा प्रश्न. दूधवाला साक्षीला तयार झाला, किंवा तेव्हा सोसायटीकडे लेखी तक्रार गेली असेल, तर ‘भांडणारच’ हा बचाव टिकणं अवघड. तुमचा कुत्रा पट्ट्याला होता, हेही तुमच्याच बाजूचं. दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे.

सीसीटीव्हीला मात्र इतका धीर नसतो, जुनं चित्रण पुसलं जातं. आजच सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि चित्रणाबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र मागा; चित्रण कोर्टात पुरावा म्हणून चालायला ते लागतं.

मग वकिलामार्फत नोटीस पाठवा. ३८,००० साठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा नोटिशीवर मिटलं तर मिटवा. फक्त पैसे घेताना, यापुढे कुत्रा पट्टा आणि मुसक्याशिवाय जिन्यात येणार नाही, हे शेजाऱ्यांकडून सहीनिशी लिहून घ्या.