गुडघ्याजवळची ग्रोथ प्लेट दुखावून मुलाचा पाय वाकडा होतोय, ऑपरेशन आत्ता करावं की १८ नंतर?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगा दहाव्या वर्षी सायकलवरनं पडला, मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडलं, आता तेरावं चालू आहे आणि गुडघा आत वळत चाललाय, घरचे म्हणतात अठरा होऊ दे मग बघू. तेवढं थांबू नका, या महिन्यातच दाखवा.

गुडघ्याच्या वरची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथनं लांब वाढतं तो कूर्चेचा थर, मांडीच्या हाडाची जवळजवळ ७० टक्के वाढ करते, वर्षाला साधारण १ सेंटीमीटर. मार लागून तिच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा पूल झाला, ज्याला डॉक्टर बार म्हणतात, की ती बाजू अडकते, आतली वाढत राहते आणि गुडघा आत जातो. मुलग्यांची वाढ साधारण सोळाव्या वर्षापर्यंत, म्हणजे तुमच्याकडं वेळ आहे पण लई नाही. बार अर्ध्या ग्रोथ प्लेटपेक्षा कमी आणि वाढ निदान दोन वर्षं शिल्लक असेल तर तो काढून तिथं चरबी भरतात. धातूची छोटी प्लेट लावून पाय सरळ करतात हे पण कुणीतरी सांगेल, पण अडकलेली बाजू वाढतच नसेल तर नुसत्या त्या प्लेटनं काय होत नाही.

माझाही पाय असाच वाकडा झालेला, पण वाढ संपल्यावरच दाखवलं, त्यामुळं मला हाड कापून पायाभोवती बाहेरनं रिंगा लावाव्या लागल्या, कारण वाकडेपणाबरोबर पाय आखूडही होता. रिंगांचे नट फिरवून कापलेलं हाड हळूहळू लांबवायचं, दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार वेळा पाव पाव करून. बाबा उद्यमनगरात लेथवर, त्यांनीच दहा नंबरच्या पान्यानं रोज नट फिरवले, खूण म्हणून प्रत्येक नटावर नेलपेंटचा ठिपका. आत वळलेला गुडघा एकदम सरळ केला तर बाहेरच्या अंगाची नस ताणून पाऊल लुळं पडू शकतं, म्हणून हळूहळू. खरा त्रास गुडघा आखडण्याचा, फिजिओथेरपी एक दिवस चुकवू देऊ नका.

आधी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा लहान मुलांची हाडं बघणाऱ्या सर्जनकडं जा, उभं राहून खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा एकच एक्सरे काढायला सांगा, नुसता गुडघ्याचा नको. एमआरआय लागेल, बार किती मोठा ते त्यात दिसतं. पडला तेव्हाचे जुने एक्सरे असतील तर घेऊन जा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि डॉक्टरांना सरळ दोन गोष्टी विचारा, बार प्लेटच्या किती भागात आहे आणि वाढ किती वर्षं उरली आहे, ऑपरेशन कुठलं ते त्यावरच ठरणार.