विदर्भातल्या खेड्यात शाळा आणि गावातलं मंडळ मिळून मुलांची रग्बी कशी सुरू करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या गावात तुमचं जुनं कबड्डी मंडळ आहे, पुण्यात रग्बी खेळलेला एक मुलगा गावात परतलाय, पोरांना खेळ आवडलाय, पण शाळा दाद देत नाहीत. तेव्हा आधी मंडळाचा संघ बांधावा की एखाद्या शाळेच्या मागे लागावं?

मी याच जिल्ह्यात एका संस्थेच्या हायस्कुलात शारीरिक शिक्षणाचा तास घेतो (म्हणजे गणिताचे सर सोडतील तेव्हा) आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर असतो. माझ्या मते दोन्ही नको. आधी एकाच एसटीच्या रस्त्यावरच्या चार शाळा धरा.

रग्बी शिकवणं अवघड नाही. बॉल हातात घेऊन पळायचं, पास मागेच द्यायचा, समोरच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की पाच गुण. एवढं कळलं की सहावीचं पोरगं पहिल्याच तासाला खेळायला लागतं. अवघड असतं ते समोर दुसरा संघ उभा करणं. कबड्डीत हा प्रश्नच येत नाही, कारण शेजारच्या गावात संघ असतोच, आणि त्याला हरवायचं म्हणूनच पोरं संध्याकाळी घाम गाळतात. नव्या खेळात एका शाळेची पंधरा पोरं महिनोन्‌महिने आपापसातच खेळतात, मग एकदम जिल्ह्याच्या स्पर्धेला जातात, सपाटून हरतात आणि परत येऊन व्हॉलीबॉलची जाळी बांधतात. आपल्या भागात बरेच नवे खेळ असेच आले आणि गेले. प्रात्यक्षिक झालं, फ्लेक्स लागला, त्यावर अध्यक्षांचा फोटो खेळाडूंपेक्षा मोठा, आणि पुढच्या जूनला बॉल स्टोअररूममध्ये हवा गेलेला.

म्हणून पहिलं काम बॉल घेण्याचं नाही, एसटीचं वेळापत्रक पाहण्याचं. दारव्हा-दिग्रस रस्ता घ्या किंवा दुसरा कुठला, पण चारही शाळा अर्ध्या-पाऊण तासात एकमेकींकडे पोचतील अशा हव्यात. शनिवारी सकाळची शाळा असते. महिन्यातून एक शनिवार ठरवायचा आणि शाळा सुटली की तीन शाळांनी चौथीकडे जायचं, पुढच्या खेपेला दुसरीकडे. सात जणांच्या रग्बीत सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. चार संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, म्हणजे सहा सामने दोन-सव्वादोन तासांत उरकतात आणि मुलं अंधाराच्या आत घरी पोचतात. गुणतक्ता फळ्यावर लिहा. करंडक-बिरंडक वर्षभर तरी आणू नका.

मुख्याध्यापक दाद देत नाहीत याचं कारण त्यांना खेळाचा तिटकारा आहे असं नाही. त्यांना एकच भीती असते: पोराचा हात मोडला तर सही कोणाची? मंडळाचे चार लोक मोटारसायकलवर येऊन "सर, पोरं द्या" म्हणाले तर कोणताही शहाणा मुख्याध्यापक हात जोडेल. त्याऐवजी एका पानाचं पत्र न्या. सरावाला रोज कोण दोन मोठी माणसं हजर राहतील, मुलींबरोबर कोण बाई असतील, पालकांची लेखी संमती कोण गोळा करेल, प्रथमोपचाराची पेटी कुठे असेल, १०८ ला फोन कोण लावेल, हे नावानिशी लिहा. डोक्याला मार लागलेलं मूल त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढेही नाही, हेही त्यातच हवं. हे पत्र एकट्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवू नका, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. समितीत पालकच जास्त असतात आणि निर्णय त्यांचा झाला की सरांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

"इंग्रजांचा खेळ आपल्याले कायले पाह्यजे?" हा प्रश्नही येईल. त्याला माझं ठरलेलं उत्तर आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या कपासाठी खेळतात तो कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून तो घडवला. त्याच्या कड्या नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. आपल्या रुपयांच्या कपावर ते दोघं भांडतात म्हटलं की बैठकीत हशा होतो आणि पुढचा विषय सुरू होतो.

शाळेत सुरुवात फक्त टॅग रग्बीने करा. कमरेला दोन्ही बाजूंना पट्ट्या, पट्टी ओढली की "टॅग" म्हणून ओरडायचं आणि ज्याच्याकडे बॉल आहे त्याने लगेच पास द्यायचा. पाडणं नाही, ढकलणं नाही. विकतचे वेल्क्रोचे पट्टे चांगले, पण जुन्या ओढणीच्या हातभर पट्ट्या चड्डीत खोचल्या तरी भागतं. बॉल दहा ते चौदा वयासाठी चार नंबरचा घ्या, पाच नंबरचा मोठा बॉल लहान हातांत मावत नाही. बाकी लागते फक्की आणि शिट्टी. जर्सीचा विषय कोणी काढलाच तर त्या पैशात आणखी बॉल घ्या.

आता तुमच्या कबड्डीवाल्यांबद्दल. सगळे म्हणतात, कबड्डीची पोरं रग्बी चटकन शिकतात. अर्धं खरं आहे. चढाई करणाऱ्या पोराचे पाय, हुलकावणी, एका श्वासात दिशा बदलणं, हे सोन्यासारखं कामाला येतं. घोटा धरणारा डावा कोपरा तर पहिल्या दिवसापासून उपयोगी. पण काही सवयी सोडवाव्या लागतात, आणि त्या सोडवल्याशिवाय टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, सुरू करू नका. कबड्डीत डॅश चालतो: खांदा मारून चढाईवाल्याला मैदानाबाहेर लोटलं की टाळ्या पडतात. रग्बीत हातांची मिठी न घालता नुसता खांदा मारणं हा फाउल, तोही गंभीर. कबड्डीत पकड झाली की चढाईवाल्याला कधी कधी उचलून आपटतात. रग्बीत माणूस कमरेवर उलटा करून डोक्यावर टाकला तर लाल कार्ड. कबड्डीत पकड सोडायची नसते, दम तुटेपर्यंत धरून ठेवायचं. इथे समोरचा खाली आला की लगेच सोडायचं, आणि पडलेल्यानेही बॉल सोडायचा. ही शेवटची गोष्ट आपल्या पोरांच्या गळी उतरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण धरलेलं सोडणं त्यांना कमीपणाचं वाटतं. डोकं कुठे ठेवायचं हे आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग हळू पळत शिकवा. आपलं डोकं समोरच्याच्या अंगाच्या बाजूला हवं, त्याच्या पुढ्यात कधीच नाही. पकड खांद्यांच्या खालीच. मुरमाच्या मैदानावर टॅकल अजिबात नको. त्यासाठी पावसानंतरची भुसभुशीत काळी माती बरी, तीही भेगा पडायच्या आत.

शिकवणार कोण? पुण्याहून आलेल्या एका मुलावर चार शाळा टाकू नका, तो दिवाळीपर्यंत थकेल किंवा नोकरीला लागेल. तुमच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता कोण पळतं ते पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी प्रत्येक गावात आहेत, मुलं सोळाशे मीटरसाठी, मुली आठशेसाठी. त्यांच्यात दम आहे, शिस्त आहे आणि दुपार रिकामी आहे. एका शाळेला दोघं-दोघं द्या. भरती झाली की ती जाणारच, म्हणून एकट्यावर भिस्त नको. शिवाय अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळ आहे. १९१४ पासूनची ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्याच लोकांनी तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना शाळेत सराव पाठ घ्यावे लागतात. त्यांच्या प्राध्यापकांना भेटून पाहा.

मुलींबद्दल वेगळं सांगतो. सहावी-सातवीपर्यंत टॅगमध्ये मुलं-मुली एकत्र खेळवा, पट्टी ओढण्यात मुली बहुतेक वेळा पुढेच असतात. आठवीनंतर बाप येऊन विचारतो, "सर, पोट्टीचा पाय मोडला त कोन पाहीन? उद्या लगन कसं होईन?" त्याच्याशी वाद घालू नका, त्याला शनिवारी मैदानावर बोलवा. आणि नावं सांगा. २०१९ मध्ये भारताच्या मुलींनी मनिलात सिंगापूरला २१-१९ हरवून पंधरा जणांच्या रग्बीतला भारतीय महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, तेव्हा कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा. त्याच संघातली स्वीटी कुमारी बिहारमधल्या बाढ गावची, तालेवार घरची नव्हे. पुण्यापेक्षा बिहारचं उदाहरण बापाला जास्त पटतं. आणि सरावाला बाई शिक्षिका किंवा मोठी खेळाडू मुलगी हजर नसेल तर त्या दिवशी मुलींचा सराव रद्द. इथे तडजोड नको.

वेळेचं गणित आपलं आपल्यालाच बसवावं लागतं, पुस्तकातलं चालत नाही. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. शालेय स्पर्धा पावसाळ्यापासूनच सुरू होतात. म्हणजे नव्या शाळेला पहिल्या वर्षी स्पर्धेत न उतरवलेलंच बरं. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या चिखलात बूट रुततात, तेव्हा अनवाणी पासिंग आणि व्हरांड्यात नियम. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं, नंतर कापसाची वेचणी, आणि शनिवार-रविवार पोरं, त्यातही पोरी, शेतात. त्या आठवड्यांत गैरहजेरी मांडू नका, संघातून नाव कापू नका. सात जमले नाहीत तर पाच-पाचचा सामना लावा. हिवाळा हाच खरा हंगाम आहे. मार्च लागला की मैदान मोकळं सोडा, चाळिशीपार उन्हात लेकरं पळवायची नसतात.

मंडळाचं खरं काम दहावीनंतर सुरू होतं. शाळेचा हक्क तिथे संपतो. पोरगं अकरावीला तालुक्याला जातं, काही पुण्याच्या कंपनीत, काही घरच्या शेतीत. या वळणावर ज्याच्याकडे संध्याकाळी जायला जागा आहे तोच खेळात टिकतो. शनिवारच्या सामन्यांना पंच म्हणून याच मुलांना उभं करा, शिट्टी हातात आली की पोरगं मैदान सोडत नाही. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेलं नसेल तर नोंदवून घ्या, त्याशिवाय व्यायामशाळा किंवा क्रीडांगणाच्या अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही.

जवळपास आश्रमशाळा असेल तर चारातली एक तीच धरा. पोरं तिथेच राहतात, एसटीचा प्रश्न नाही, सकाळ-संध्याकाळ सराव होतो आणि एकाच शाळेत दोन संघ उभे राहतात. भुवनेश्वरच्या किस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेने २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली, त्यामागे निवासी असण्याचा मोठा वाटा होता. आणि आपल्या चंद्रपूरच्या आश्रमशाळांची मुलं २०१८ मध्ये एव्हरेस्ट चढून आली, तेव्हा ताकदीबद्दल कोणी शंका काढू नये. परवानगीसाठी पांढरकवडा किंवा पुसद, तुमचा जो असेल त्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जावं लागेल. दोन-तीन हेलपाटे धरूनच चला.

एक इशारा. बातमी पसरली की कोणीतरी "प्रमाणपत्र देतो" म्हणत येईल. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, म्हणून हा धंदा चालतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजून गेली आहेत आणि त्यात पोरांच्याच नोकऱ्या गेल्या. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची, तिथे संघ शाळेच्या नावाने उतरतो. रग्बी संघटनेची स्पर्धा वेगळी, तिथे मंडळ उतरू शकतं. या दोन वाटा पालकांना पहिल्याच बैठकीत समजावून सांगा. स्पर्धेत उतरायच्या वर्षी जिल्ह्यात रग्बी कोणत्या वयोगटांत आहे ते क्रीडा कार्यालयात जूनमध्येच विचारा आणि शाळेची ऑनलाइन नोंदणी मुख्याध्यापकांच्या मागे लागून आधीच करून घ्या. शेवटच्या दिवशी साइट चालत नाही.