वडील ७८ वर्षांचे, गावात इंडियन संडास. धरायला कोणता दांडा बसवावा? व्हॅक्यूमचा चालेल का? सध्या बायको धरते, तसं भागतंय.

व्हॅक्यूमचा, म्हणजे रबरी टोप्यांनी भिंतीला चिकटणारा, घेऊ नका. घेतला असेल तर आजच काढा, कारण भिंतीला दिसला की माणूस त्याच्यावर भार टाकतोच.

मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: "सध्या बायको धरते, तसं भागतंय." आमच्याकडेही चार वर्षं असंच भागत होतं. धरणारी मी होते.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. संडास घरामागे, १२,००० रुपये अनुदान मिळालं तेव्हा बांधलेला. आतून तीन बाय चार फूट, भिंत चार इंची, वर पत्रा. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे गेलेले. पहाटे मी काखेत हात घालून त्यांना बसवायची आणि बाहेर पाठ करून उभी राहायची. त्या हाकच मारायच्या नाहीत, भिंतीला धरून आपल्याच उठायला बघायच्या. एकदा म्हणाल्या, "नोको धरू वं माय, मले लय लाज वाटते." मी घरात म्हटलं, दांडा बसवू. पुण्याच्या भाऊजींनी फोनवरच निकाल दिला, "वहिनी हायेत नं धराले, भिंत कायले फोडता?" आणि रबरी टोप्यांचा दांडा ऑनलाइन पाठवून दिला.

दोन दिवस घट्ट बसला. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आमच्या टाइल्सवर कायमचा, त्याच्यावर रबर धरत नाही हे नंतर कळलं. नवव्या दिवशी पहाटे दांडा त्यांच्या हातात आला. दार आत उघडणारं, आणि त्या दारालाच आडव्या पडलेल्या. हे पत्रा सरकवून वरून उतरले, तेव्हाही दांडा त्यांच्या मुठीतच होता. खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीला ऑपरेशन करून गोळा बदलला, आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायचं कायमचं बंद केलं.

मग मी कोणाला विचारलं नाही. शिलाईचे पैसे होते, मिस्त्रीला बोलावलं. चार इंची भिंतीत नुसता फास्टनर ठोकला तर वीट फुटते, म्हणून त्यानं आरपार भोकं पाडून बाहेरून लोखंडी पट्टी लावली आणि लांब नट-बोल्ट कसले. काळ्या मातीनं एका कोपऱ्यात भेग पडली होती, ती बाजू सोडली. दांडा स्टीलचा, ३०४ नंबरचा, सव्वा इंच जाड, भिंतीपासून दीड इंच सुटलेला. लोखंडी पाईप वेल्डिंगवाला स्वस्तात करून देतो, पण आमच्या पाण्यात तो गंजतो. उंची मिस्त्रीला ठरवू देऊ नका. भांड्यावर कमोडची खुर्ची ठेवून आम्ही आत्याबाईंना बसवलं, हात जिथे गेला तिथे खडूनं खूण केली. दांडा लागल्यावर पहिल्याच सकाळी त्या दाराशी थांबल्या अन् म्हणाल्या, "तू जाय, चाय मांड."

भाऊजी अजून म्हणतात, आई वयामुळे पडली. वय ८१ होतं, खरं आहे. पण पडल्या त्या आम्ही भिंत वाचवली म्हणून. सून, बायको ही धरायची वस्तू नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला संडासात दुसऱ्याचा हात नको असतो, तो तोंडानं म्हणो न म्हणो. वाकून वाकून माझी कंबर गेली, हेही चार वर्षांत कोणी विचारलं नाही. तुम्ही बायकोला आज विचारा.

तुमचे वडील अजून उकिडवे बसत असतील तर आडवा नको, उभा दांडा लावा: बसल्यावर हात पोचतो तिथून, उभं राहिल्यावर कमरेच्या वरपर्यंत. लकवा असेल तर चालत्या हाताच्या बाजूला. भिंत मातीची असेल तर दांडा बसवूच नका, हात असलेली कमोडची खुर्ची घ्या, पायांना रबरी बूट असलेली. रात्री गोळ्यांनी चक्कर येत असेल तर कोणताच दांडा पुरत नाही, तीच खुर्ची खाटेजवळ ठेवा. दार मात्र बाहेर उघडेल असं आधी करून घ्या, दांड्याच्याही आधी. आणि दांडा बसला की दोन्ही हातांनी धरून तुम्ही स्वतः त्याला लटकून बघा, मगच वडिलांना हात लावू द्या.