गिटारच्या बॉडीत पिकअपचे (तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाचे) खड्डे खोदायला राउटर, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्राला, कोणता बिट घ्यावा? नागपुरात सागवान मिळालंय, ट्रिमर (छोटा राउटर) ६ मिमी दांड्याचे बिट घेणारा आहे.

टेम्पलेट बिट घ्या, म्हणजे टेम्पलेटच्या (साच्याच्या) कडेला टेकून फिरणारं बेअरिंग दांड्याच्या बाजूला असलेला. व्यास १२ मिमीच्या आसपास. पण खरी गोम पात्याच्या लांबीत आहे. दुकानदार सहसा २५ मिमी पात्याचा बिट पुढे करतात. टेम्पलेट १२ मिमी जाडीचं असेल, तर बेअरिंग त्याला टेकेपर्यंत पातं लाकडात १३ मिमी घुसलेलं असतं, आणि पहिल्याच फेरीत एवढं खोल कापणं धोक्याचं आहे. म्हणून १० ते १२ मिमी पात्याचाच शोधा. इतवारीत हार्डवेअरची चार दुकानं फिरावी लागली तरी फिरा.

दांडा मोजून घ्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ६ मिमीचा बिट पाव इंची कॉलेटमध्ये (बिटचा दांडा आवळून धरणाऱ्या भागात) कधीच लावू नका, तो निसटतो.

आधी ड्रिलला फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारा) लावून बहुतेक लाकूड काढून टाका, मग राउटरने फक्त कडा साफ करा. एका फेरीत ३ मिमी पुरे. खड्ड्याच्या आतून राउटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते, त्यामुळे कार्बाइडच्या (फार कठीण) पात्याचाच बिट हवा. लाकूड काळं पडायला लागलं की बिट बोथट झाला समजा.

नेक पॉकेट (गिटारची मान बसते तो खड्डा) शेवटी करा, फेंडर कंपनीच्या गिटारच्या धाटणीत ते साधारण १६ मिमी खोल असतं. त्याआधी टाकाऊ तुकड्यावर एकदा नक्की करून बघा. गॉगल आणि मास्क लावाच, सागाची धूळ फार त्रास देते.