चालू कर्नल पॅच करायचा, तर फंक्शनच्या तोंडाशी जम्प लिहिला की झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तुम्ही चौघांनी एक्स८६-६४ वर छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिलाय, तो चार कोअरवर चालतो, आणि आता त्यात लाइव्ह पॅचिंग, म्हणजे रीबूट न करता चालू कोड बदलण्याची सोय, घालायचंय. कल्पना सुचली साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून, कारण गळीत हंगामात तिथला सर्व्हर रीबूट करायचा म्हणजे बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. जुन्या फंक्शनच्या पहिल्या पाच बाइटवर नव्या फंक्शनकडे जाणारा जम्प लिहिला की काम झालं का, असं विचारलंय.

नाही झालं. जम्प लिहिणं हे एका दुपारचं काम आहे. अवघड आहे ते जुन्या फंक्शनच्या आत या क्षणी कोण आहे हे खात्रीने ओळखणं. दसरा चौकात ‘रस्ता बंद’चा फलक लावला तरी त्याआधी भाऊसिंगजी रोडला शिरलेल्या गाड्या आतच असतात. कर्नलमध्ये अशी आत राहिलेली गाडी म्हणजे जुन्या फंक्शनात झोपलेला, कशाची तरी वाट बघत थांबलेला टास्क. तो उठतो, जुन्या कोडचा उरलेला भाग चालवतो, आणि तोवर बाकी सगळे नव्या कोडवर गेलेले असतात. समजा पॅचने लॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारं कुलूप) घेण्याची जागा बदलली: आधी कॉल करणारं फंक्शन लॉक घेत होतं, आता आतलं घेतं. अर्ध्यावर असलेला टास्क तेच लॉक दोनदा घ्यायला जातो आणि अडकतो. बदल उलट दिशेचा असेल तर लॉक कुणीच घेत नाही आणि डेटा बिघडतो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो लगेच दिसत नाही.

आधी कंपायलरकडून जागा राखून घ्या. जीसीसी कंपायलरचा पॅचेबल फंक्शन एन्ट्री हा पर्याय ५ या किमतीने द्या, म्हणजे प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला पाच बाइट मोकळे राहतात आणि त्यांचे पत्ते एका वेगळ्या सेक्शनमध्ये जमा होतात. न वापरलेले सेक्शन लिंकर गाळत असेल तर लिंकर स्क्रिप्टमध्ये हा सेक्शन कीप म्हणून नोंदवा, नाहीतर टेबल रिकामं येतं आणि कारण शोधण्यात दिवस जातो. एक खाच इथेच आहे. जीसीसी जे पाच बाइट ठेवतो ते एकेक बाइटचे पाच नॉप (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) असतात. त्यांच्या मध्यावर इंटरप्ट आला आणि तेवढ्यात तुम्ही पाचही बाइट बदलले, तर परत येणारा कोअर जम्पच्या पोटात उतरतो. म्हणून बूट होताना, बाकीचे कोअर जागे करण्याआधी, त्या पाचांचा एकच पाच बाइटचा नॉप करून टाका: ०एफ १एफ ४४ ०० ००. इनडायरेक्ट ब्रँच ट्रॅकिंग (अप्रत्यक्ष जम्प ठरलेल्या खुणेवरच उतरू देणारी प्रोसेसरची सुरक्षा) चालू असेल तर एन्डबीआर६४ या खुणेचे चार बाइट आधी येतात आणि नॉप त्यांच्यानंतर. जम्पचं अंतर मोजताना हे चार बाइट विसरू नका. अंतर म्हणजे नव्या फंक्शनचा पत्ता वजा जम्पनंतरच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, आणि ते ३२ बिटांत मावायला हवं. त्यामुळे पॅच मॉड्यूलची मेमरी कर्नलच्या कोडपासून २ जीबीच्या आतच द्या. जम्प अगदी तोंडाशी असल्यामुळे आर्ग्युमेंटचे रजिस्टर जसेच्या तसे नव्या फंक्शनला मिळतात, तिथे काही करावं लागत नाही.

कोडची पानं रीड-ओन्ली असणार, असायलाच हवीत. फिजिकल मेमरीचा डायरेक्ट मॅप (तीच मेमरी दुसऱ्या पत्त्यांवर दाखवणारं मॅपिंग) असेल तर त्या पत्त्यावरून लिहा आणि मूळ मॅपिंगला हात लावू नका. वेगळ्या पत्त्यावरून लिहिल्यानंतर लिहिणाऱ्या कोअरलासुद्धा सीपीयूआयडीसारखी सीरियलाइझ करणारी (आधीचं सगळं पुरं करून पुढचा कोड नव्याने वाचायला लावणारी) इन्स्ट्रक्शन चालवावी लागते, बाकीच्यांना तर लागतेच. लिनक्स सगळे कोअर न थांबवता हे करतो: पहिल्या बाइटवर इंट३ ही ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन (सीसी), मग सगळ्यांना आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट), मग उरलेले चार बाइट, पुन्हा आयपीआय, शेवटी पहिला बाइट आणि पुन्हा आयपीआय. पद्धत सुरेख आहे, पण मध्येच इंट३ वर येऊन आदळलेल्या कोअरला सांभाळणारा हँडलर लिहावा लागतो. जुन्या फंक्शनात कोण आहे हे बघण्यासाठी तुम्हाला टास्कचे स्टॅक (कुठून कुठे कॉल झाला याची नोंद) तपासायला कोअर थांबवावे लागणारच आहेत, मग लिहिणंही त्याच थांब्यात उरका.

कोअर कसे थांबवायचे यावर बराच वेळ द्या, सगळं इथे ठरतं. आयपीआय पाठवून जिथल्या तिथे गोठवू नका. एखादा टास्क कर्नलमध्ये फंक्शनच्या अगदी सुरुवातीला, आरबीपी हा फ्रेम पॉइंटरचा रजिस्टर पुश होण्याआधी अडला असेल, तर फ्रेम पॉइंटरच्या साखळीतून त्याला कॉल करणारं फंक्शन चक्क गाळलं जातं. तुम्ही म्हणणार जुन्या फंक्शनात कुणी नाही, आणि तो तिथेच असतो. त्याऐवजी प्रत्येक कोअरवर सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा एक थ्रेड ठेवा आणि कर्नल नॉन-प्रीएम्प्टिबल (कर्नलमधल्या टास्कला मध्येच न हटवणारा) ठेवा. मग हा थ्रेड कोअरवर येतो तेव्हा आधीचा टास्क एकतर स्वतःहून शेड्यूलरमध्ये गेलेला असतो किंवा यूजर मोडकडे परतण्याच्या उंबऱ्यावर असतो. दोन्ही ठिकाणी स्टॅक स्वच्छ वाचता येतो. चारही थ्रेड इंटरप्ट बंद करून एका काउंटरवर जमले की त्यातल्या एकाने तपासायचं आणि लिहायचं. मास्क न होणारा, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट (एनएमआय) तरीही येऊ शकतो, म्हणून त्याच्या वाटेतली फंक्शनं पॅच करण्यावर बंदी घाला.

तपासणी अशी: कर्नल फ्रेम पॉइंटर न गाळता बांधा, प्रत्येक टास्कचा स्टॅक तळापर्यंत चाला, आणि प्रत्येक रिटर्न पत्त्यातून १ वजा करून तो जुन्या फंक्शनच्या हद्दीत पडतो का बघा. १ वजा का, तर कधीच न परतणारा कॉल फंक्शनच्या शेवटी असेल तर त्याचा रिटर्न पत्ता पुढच्या फंक्शनचा पहिला बाइट निघतो. चालणं ठरलेल्या जागी, म्हणजे यूजर रजिस्टरांपाशी किंवा थ्रेडच्या सुरुवातीपाशी, संपलं नाही तर तो स्टॅक नापास धरा. एकही टास्क नापास झाला तर काहीही न लिहिता सगळ्यांना सोडा आणि एका सेकंदाने पुन्हा या. ३० वेळा जमलं नाही तर टास्क आणि फंक्शनचं नाव छापून माघार घ्या. ‘पॅच लागला नाही’ एवढाच संदेश कुणाच्या उपयोगाचा नाही.

लिनक्सच्या लाइव्ह पॅचिंगमधलं केस्प्लाइस (एमआयटी, २००८) आणि केपॅचची सुरुवातीची आवृत्ती याच, सगळं थांबवण्याच्या जातीची होती. हिची मर्यादा कीबोर्डच्या रीडमध्ये बसलेल्या टास्कपाशी कळते. तो तासभर तिथेच राहतो, आणि उठवला तरी परत त्याच जुन्या फंक्शनात येऊन झोपतो. सुसेच्या केग्राफ्टने टास्कगणिक बदल करायची वाट धरली. लिनक्स ४.० मध्ये (२०१५) केपॅच आणि केग्राफ्ट या दोघांचा सामायिक पाया आला आणि ४.१२ मध्ये (२०१७) दोन्ही पद्धती जोडल्या गेल्या: प्रत्येक टास्कवर खूण असते, फंक्शनच्या तोंडाशी बसलेला हँडलर ती खूण बघून जुनं की नवं ते ठरवतो, आणि टास्क यूजर मोडला परतताना किंवा झोपेत स्टॅक स्वच्छ सापडला की खूण बदलते. अडून बसलेल्यांना १५ सेकंदांनी खोटा सिग्नल देऊन हलवलं जातं, आणि इथे तो उपयोगी पडतो, कारण परत येणारा टास्क नव्या फंक्शनात शिरतो. एका सेमिस्टरमध्ये हे करायला जाऊ नका. थांबवण्याची पद्धत नीट उभी राहिली तर प्रोजेक्ट भक्कम आहे.

पॅचमध्ये काय चालत नाही हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. कॉन्टेक्स्ट स्विच करणारं फंक्शन प्रत्येक झोपलेल्या टास्कच्या स्टॅकवर असतं, म्हणून ते कधीच पॅच होणार नाही. जे फंक्शन कंपायलरने दुसऱ्यात इनलाइन केलंय (कॉल न ठेवता त्याचा कोड तिथेच उतरवलाय), त्याच्या जागी ते पोटात घेतलेली सगळी फंक्शनं बदलावी लागतात. कोणती ते ऑब्जेक्ट फाइल डिसअसेंबल करून बघा, सोर्स वाचून अंदाज बांधू नका. फंक्शनातलं स्टॅटिक व्हेरिएबल पॅचमध्ये पुन्हा लिहिलं तर त्याची नवी, सुरुवातीच्या किमतीची प्रत तयार होते आणि साठलेली मोजणी हरवते; जुन्याच पत्त्याला जोडा. त्यासाठी कर्नलमध्ये स्टॅटिक नावांसकट सिम्बॉल टेबल लागेल, आणि एकच नाव दोन फाइलींत असेल तर कितवं ते सांगायची सोय लागेल. स्ट्रक्चरमध्ये फील्ड वाढवता येत नाही, कारण जुने ऑब्जेक्ट जुन्याच मापाचे असतात. लिनक्समध्ये यासाठी शॅडो व्हेरिएबल आहेत: ऑब्जेक्टचा पत्ता आणि एक क्रमांक मिळून किल्ली, आणि जास्तीचा डेटा हॅश टेबलमध्ये. तुमच्याकडे हे पन्नास-साठ ओळींत होईल. पॅच काढायची सोय द्याल तर तीच तपासणी नव्या फंक्शनांवर करा, आणि मॉड्यूलची मेमरी मात्र पहिल्या आवृत्तीत मोकळी करूच नका.

चाचणीसाठी तीन गोष्टी लागतील. एक साधा पॅच. लिनक्स सोर्सच्या सॅम्पल्समधला नमुना बघा, तो प्रॉकमधली (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणारी जागा) कमांडलाइन छापणारं फंक्शन बदलतो. दुसरी, मुद्दाम जुन्या फंक्शनात झोपवलेला टास्क, ज्याच्यामुळे पॅच नाकारला गेलाच पाहिजे. तिसरी, चारही कोअर तेच फंक्शन सतत कॉल करत असताना दहा हजार वेळा पॅच लावणं आणि काढणं. ही तिसरी क्यूईएमयूच्या (मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) नुसत्या एम्युलेशनवर चालवून समाधान मानू नका. तिथे बदललेल्या कोडचं भाषांतर क्यूईएमयू स्वतःच नव्याने करतं, त्यामुळे सीरियलाइझ करायचं राहिलं तरी सगळं हिरवं दिसतं. केव्हीएम (कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारी सोय) चालू करून चालवा, आणि एकदा तरी खऱ्या मशीनवर.

वजनकाट्याच्या खऱ्या सर्व्हरवर मात्र तुमचा कर्नल नको. तिथे लाइव्ह पॅच देणारं लिनक्स डिस्ट्रिब्यूशन ठेवा आणि पूर्ण रीबूट हंगाम संपल्यावर करा.